शिसम-हळदूचं लाकडी पेन, दहा महिने वापरल्यावर

गेल्या दिवाळीत एका खरादी, म्हणजे लाकूड यंत्रावर फिरवून कातणाऱ्या, काकांकडून घेतलं, आठशे रुपये. बायको म्हणाली एवढ्यात पोरांची वर्षभराची पेनं आली असती, आणि तिचं चुकीचं नाही, पण चॉकलेटी शिसममध्ये हळदूच्या पिवळ्या लाकडाचे दोन पिवळेधमक पट्टे बघितले आणि खाली ठेववेना.

आतलं किट साधंच, ७ एमएमची पितळी नळी, पिळलं की टोक बाहेर येणारं ट्विस्ट. क्रॉस कंपनीच्या पेनात बसते तशा टाइपची रिफिल लागते, बडोद्याच्या रावपुऱ्यात दोन दुकानं फिरलो तेव्हा मिळाली.

खरी गंमत सांध्याची. खालच्या पट्ट्याच्या लाकडातल्या रेषा शिसमसारख्याच उभ्या आहेत, वरचा मात्र दिसायला छान म्हणून आडव्या रेषांचा लावलाय. उन्हाळाभर काही नाही, पण बडोद्यात पाऊस पडायला लागला आणि वरच्या सांध्याला बोटाला बारीकशी कड लागायला लागली, तीसुद्धा गोल फिरवलं की समोरासमोर दोनच जागी. मला वाटलं गोंद सुटला. काकांकडे नेलं तर म्हणाले लाकूड दमट हवेत रेषांच्या आडवं फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच, म्हणजे त्या दोन जागी पट्टा होता तेवढाच राहिला आणि शेजारचं शिसम वर आलं! वर आमच्या पेनाला नुसतं तेल-मेण, सुपरग्लूचं फिनिश असतं तर ओल इतकी लवकर आत गेली नसती म्हणे. घरी सासऱ्यांचा संखेड्याचा (गुजरातेतलं रंगीत लाकडी फर्निचरचं गाव) झोपाळा आहे, खरादावरचेच खांब, पण सगळा एकाच सागाचा आणि रंग वरून, त्याला ही भानगडच नाही.

दुसरी तक्रार, पट्ट्यांच्या कडेला काळपट छटा आहे. पॉलिशपेपर मारताना शिसमचा भुसा हळदूत घुसतो, आधी पातळ सुपरग्लूचा हात देऊन हळदू सील केलं असतं तर वाचलं असतं, घेताना उजेडात नीट बघा एवढंच. हातात मात्र मस्त बसतं, वजन बेताचं, रोज चार-पाच पानं लिहितो, पकडीचा भाग गुळगुळीत झालाय.

आणि हळदू उजेडात बदलतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पेन खिडकीतल्या स्टँडमध्ये उभं असतं, खालचा पट्टा आत म्हणून अजून पिवळा, वरचा मधासारखा तपकिरी झालाय, परवा ऑफिसात एकाने विचारलं हे तिसरं लाकूड कुठलं.