पंचवटीतलं मोडाच्या नागलीचं पीठ: लेबल सोडून बाकी झकास

लेक सात महिन्यांची. सासूबाई पेठ तालुक्यातल्या, त्यामुळे आमच्या घरात नाचणी कुणी म्हणत नाही, नागलीच. माझी नोकरी अंबडला, शिफ्ट सकाळी सातची. मोड आणून, वाळवून, दळून आणायला वेळ कुठला? म्हणून पंचवटीत एक मावशी घरून विकतात ते पीठ आणलं. अर्धा किलो, 140 रुपये.

मोड खरंच आणलेत का, हे सासूबाईंनी पहिल्याच दिवशी तपासलं. दोन पातेली ठेवली: एकात गिरणीतलं साधं नागलीचं पीठ, दुसऱ्यात हे. पाणी सारखं, आच मंद. साधी लापशी चमच्याला गच्च चिकटून बसली, हिची पळीवरून धार लागली. मोड येताना दाण्यात जे एन्झाइम तयार होतं ते पिठातला स्टार्च तोडतं, म्हणून ती सैल राहते. मग पाणी कमी घालता येतं आणि इवल्या पोटात पीठ जास्त जातं. मावशी पास!

पाकिटावर मात्र ‘लोहाचा खजिना’ छापलंय, तिथे माझं बिनसलं. शंभर ग्रॅम नागलीत कॅल्शियम साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, त्याबद्दल वाद नाही. लोह चार-पाच मिलिग्रॅम. आमची लेक एका वेळी खाते वीस ग्रॅम. म्हणजे जेमतेम एक मिलिग्रॅम, आणि त्यातलंही बरंचसं धान्यातलं फायटेट नावाचं द्रव्य अडकवून ठेवतं. झिंकचीही तीच गत. मोड आणले की फायटेट कमी होतं, संपत नाही. त्यात बाळाने जन्मताना आणलेला लोहाचा साठा साधारण सहा महिन्यांनी सरत येतो. आणि मी या पिठाच्या भरवशावर लोहाचे थेंब बंद करायला निघाले होते! डॉक्टरांनी अक्षरशः हात जोडले.

आता लापशी कोमट झाली की चार थेंब लिंबू, नाहीतर सोबत कुस्करलेली पपई. क जीवनसत्त्वामुळे लोह जरा जास्त अंगी लागतं. नाशिककर असूनही द्राक्षाचा रस नाही, त्यात ते फारच कमी.

गूळ घातलेलं पीठही मिळतं. एवढ्याशा बाळाला नको, साधंच मागा.

जुलैतलं पाकीट कुबट निघालं, दळल्याची तारीखही नव्हती. मावशींनी काही न बोलता बदलून दिलं. परवा गेले तर तारीख पेनाने लिहिलेली होती. ‘लोहाचा खजिना’ अजून तसाच.