ऑक्टाव्हिया आरएसच्या बॉनेटखालची आवराआवर: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

माझी 2005 ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस नऊ वर्षांपासून नाशिकमध्ये माझ्याकडे आहे. गेल्या दिवाळीनंतर तिच्या बॉनेटखालचे व्हॅक्यूम पाइप (इंजिनाची हवेची ओढ व्हॉल्व्हांपर्यंत नेणारे), ब्रीदर (इंजिनाच्या पोटातला, म्हणजे क्रँककेसमधला, वायू बाहेर काढणारे पाइप) आणि वायरिंग यांचा सगळा गुंता सोडवून मी तो नव्याने मांडला. त्यानंतर गाडी 7,200 किलोमीटर धावली आहे. त्यात नाशिकचा एक उन्हाळा, पूर्ण पावसाळा आणि कसारा घाटाच्या दहाबारा फेऱ्या झाल्या, त्यामुळे आता या कामाविषयी काही ठामपणे लिहिता येईल असे वाटते.

या गाडीचे 1.8 लिटरचे टर्बो इंजिन दर सिलिंडरला पाच, म्हणजे एकूण वीस व्हॉल्व्हचे आहे. परदेशात ते 180 अश्वशक्तीचे होते. आपल्याकडे 150 ची मिळाली. लोखंडाच्या बाबतीत हे इंजिन चिवट आहे, पण वीस वर्षांत त्याच्या भोवतीचे रबर आणि प्लास्टिक म्हातारे होते. इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या, खालून जाणारे ब्रीदरचे पाइप तर माझ्या गाडीत बोट लावताच बिस्किटासारखे तुटले. इग्निशन कॉइलच्या चारही कनेक्टरचे खटके मोडलेले होते आणि कुणीतरी ते केबल टायने आवळून ठेवले होते.

काम सुरू करताना माझा समज असा होता की कंपनीने बसवलेले अर्धे सामान अनावश्यक असते आणि ते काढून टाकले की इंजिन मोकळे होते. पहिल्या रविवारी एकही पाइप न काढता मी फक्त फोटो काढले, प्रत्येक पाइपला कागदी चिठ्ठी बांधली आणि कोणता पाइप कुठून कुठे जातो याचा नकाशा वहीत काढला. त्या वहीने माझा समज पालटला. एन75 नावाचा व्हॉल्व्ह टर्बोचे प्रेशर आवरतो, एन80 पेट्रोलच्या टाकीतली वाफ ती साठवणाऱ्या कॅनिस्टरमधून इंजिनाकडे नेतो, आणि एन249 हा डायव्हर्टर व्हॉल्व्ह (पाय उचलल्यावर टर्बोची जादा हवा वळवणारा) केव्हा उघडायचा ते ईसीयूच्या, म्हणजे इंजिनाच्या संगणकाच्या, हाती देतो. यांतला एकही निरुपयोगी नव्हता. खरा पसारा आमचा, म्हणजे माझा आणि आधीच्या मालकांचा होता: बाहेरून बसवलेल्या अलार्मचा मेलेला भोंगा, कधीच्या काळी काढलेल्या अँप्लिफायरची बॅटरीवर तशीच राहिलेली जाड वायर, फॉग लॅम्पचा दुसरा रिले, आणि एका ठिकाणी तर व्हॅक्यूम पाइपला चक्क बॉलपेनच्या नळीचा सांधा. हे सगळे काढून वजनकाट्यावर ठेवले तेव्हा 2.3 किलो भरले.

तरीही हौस स्वस्थ बसू देत नाही. अंबडच्या ज्या गॅरेजमध्ये मी काम करवून घेतले तिथल्या मिस्त्रींना मी एन249 काढून डायव्हर्टर व्हॉल्व्ह थेट मॅनिफोल्डला जोडायला सांगितले. ते म्हणाले, "साहेब, काढायला पाच मिनिटं लागतात. पण काय मिळणार ते आधी सांगा." माझ्याकडे उत्तर नव्हते, तरी मी काढायला लावलाच. गाडी चालत होती, पण सॉकेट मोकळे पडल्याने ईसीयूने दोष नोंदवला आणि वेगात मला कसलाही फरक जाणवला नाही. तीन आठवड्यांनी तो व्हॉल्व्ह पुन्हा जागेवर गेला. फक्त त्याचे पाइप आखूड करून सरळ रेषेत नेले.

दुसरी चूक ऑइल कॅच कॅनची, म्हणजे ब्रीदरच्या वायूतले ऑइल अडवण्यासाठी बसवलेल्या डब्याची. मी त्याचे तोंड बाहेरच्या हवेत उघडे ठेवले. द्वारका चौकात सिग्नलला थांबले की तापलेल्या ऑइलचा वास एसीच्या वाटेने आत यायचा, आणि घरच्यांनी गाडीत बसायला स्पष्ट नकार दिला. शिवाय क्रँककेसमधला वायू बाहेर सोडणे हे प्रदूषणाच्या दृष्टीनेही गैरच आहे. जानेवारीच्या थंडीत त्या कॅनमध्ये ताकासारखे पांढरट पाणी जमू लागले, कारण सकाळच्या तीनचार किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापतच नाही. कॅनचे 3,200 रुपये वाया गेले असे मी मानतो. आता मूळ रचनेप्रमाणे ब्रीदर टर्बोच्या इनटेक पाइपला परत जोडलेला आहे.

पाइपांच्या निवडीविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण दुकानात सगळ्या कामांसाठी एकच रंगीत सिलिकॉन पाइप दाखवला जातो. व्हॅक्यूमसाठी 4 मिलिमीटर आतील व्यासाचा आणि जाड भिंतीचा सिलिकॉन पाइप उत्तम चालला; बारीक भिंतीचा पाइप मात्र वळणावर चपटा होऊन मिटतो. पण साध्या सिलिकॉनमधून पेट्रोलची वाफ झिरपते आणि ऑइलने तो फुगतो, म्हणून एन80 च्या वाफेसाठी आणि ब्रीदरसाठी मी पेट्रोल-ऑइलला टिकणारे रबरी पाइपच घेतले. ब्रेक बूस्टरच्या (ब्रेक दाबायला हलका करणाऱ्या भागाच्या) पाइपला आणि त्यातल्या एकदिशा व्हॉल्व्हला हौसेखातर हात लावू नये. मी तिथे कंपनीचाच नवा भाग बसवला. पाइपांचा रंग काळाच निवडला. निळे-लाल पाइप फोटोत शोभतात, पण वीस वर्षांच्या काळ्या इंजिनावर ते मला लग्नातल्या वाजंत्रीवाल्यांसारखे वाटतात.

आता फरकाविषयी. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच असल्याने इथे आयडलचा (गाडी उभी असताना नुसत्या चालू इंजिनाचा) मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम मुंबईपेक्षा पाऱ्याचे साधारण दोन इंच कमीच दिसतो, हे लक्षात ठेवून गेज वाचावा. माझ्या गाडीत तो आधी 14 इंचांवर थरथरत असे; आता 17 वर स्थिर असतो. आयडलची फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोलच्या प्रमाणात करत असलेली दुरुस्ती, अधिक 6.8 टक्क्यांवरून अधिक 1.6 वर आली. न मोजलेली हवा आत शिरत असली की ईसीयू पेट्रोल वाढवत राहतो. ती गळती बंद झाल्याचा हा पुरावा आहे. अश्वशक्ती वाढली का, असे मित्र विचारतात. नाही. हरवलेली थोडी परत आली असेल इतकेच.

वायरिंगला प्लास्टिकच्या चिकट टेपऐवजी कापडी हार्नेस टेप वापरली. एप्रिल-मेच्या उन्हातही ती सुटली नाही आणि तिचा गोंदही ओघळला नाही. टर्बोजवळच्या दोन वायरींवर उष्णतारोधक बाही चढवली आहे. वायरी फेंडरच्या आत लपवून इंजिन चकचकीत दाखवण्याची पद्धत मी टाळली, कारण लपवलेली वायर उंदराने कुरतडली तर ती शोधणार कोण? आमच्या गंगापूर रोडच्या पार्किंगमागे अजून शेत आहे, आणि उंदरांना बॉनेट फार प्रिय आहे.

ऑगस्टमध्ये कसारा घाट चढताना अचानक फुस्स असा आवाज झाला, गाडीची ताकद गेली आणि आयडल वरखाली होऊ लागला. बाजूला घेऊन मोबाइलच्या उजेडात पाहिले, तर डायव्हर्टर व्हॉल्व्हचा बारीक पाइप मॅनिफोल्डवरून निसटलेला होता. दोष माझाच, त्या टोकाला मी छोटा स्प्रिंग क्लॅम्प लावलाच नव्हता. पाइप परत बसवून केबल टाय आवळायला दहा मिनिटे लागली. पूर्वीच्या गुंत्यात तो पाइप मला दिसलाच नसता आणि इगतपुरीपर्यंत टोइंग करून यावे लागले असते. या एका प्रसंगाने मजुरीचे 6,000 रुपये वसूल झाले.

दुसऱ्या पासिंगसाठी पेठ रोडला आरटीओत गाडी नेली तेव्हा बॉनेटखालची रचना मूळचीच असल्याने मला कसलीही धाकधूक नव्हती, आणि पीयूसीही पहिल्याच वेळी निघाली.

पाइप, कनेक्टर, टेप आणि मजुरी धरून एकूण खर्च 24,500 रुपये झाला. कॅन त्यात धरलेला नाही. दोन गोष्टी अजून बाकी आहेत. कूलंटचा वरचा प्लास्टिकचा सांधा मूळचाच आहे आणि तो उन्हाळ्याआधी बदलायचा आहे. इंजिनावरचे प्लास्टिकचे झाकण मात्र पावसाळ्यातच परत बसवले. ते काढल्यावर कॉइलांवर इतकी धूळ साचत होती की दर पंधरा दिवसांनी ब्रश फिरवावा लागत होता.