गूगल मॅप्स वापरून वाटेतल्या शहराची कोंडी टाळणं: काही महिन्यांच्या वापरानंतर

हायवेवर वेळ खातं ते वाटेतलं शहर. ८० ऐवजी ९० च्या वेगाने गाडी हाणली, तर १०० किलोमीटरमागे जेमतेम ८ मिनिटं वाचतात. तेच शहराच्या तोंडाशी चुकीच्या वेळी पोचलात, तर तासभर सहज जातो. म्हणून या ॲपचा सगळ्यात जास्त उपयोग आदल्या रात्री, घरी बसूनच होतो. गाडी चालू झाल्यावर ते जे ‘जलद मार्ग’ सुचवत राहतं, त्याला मी फार किंमत देत नाही.

नकाशावरचा लाल रंग हा आत्ताचा असतो. शहर २५० किलोमीटर पुढे असेल, तर तुम्ही तिथे पोचेपर्यंत ती कोंडी सुटलेली असेल किंवा दुसरी जमलेली असेल. त्याऐवजी रूट काढल्यावर मेनूतून निघण्याची वेळ आणि दिवस भरा. मग एकच आकडा न येता ‘अमुक ते तमुक’ असा पल्ला येतो. पाहायचा तो त्यातला मोठा आकडा. दोन्ही आकड्यांत फरक जितका जास्त, तितका त्या वेळेचा भरवसा कमी. वेळ अर्ध्या-अर्ध्या तासाने पुढे सरकवत हा फरक कुठे आवळतो ते बघा.

मात्र सबंध प्रवास एकदम काढू नका, दोन तुकडे करा: घर ते शहराआधीचं मोठं जंक्शन आणि तिथून शहरापलीकडचा हायवे. महत्त्वाचा प्रश्न असतो जंक्शनवर किती वाजता पोचणार, आणि तो एकत्रित आकड्यात बुडून जातो. समजा जंक्शन १८० किलोमीटरवर आहे. सरासरी ६५ धरली तर पावणेतीन तास, वर २० मिनिटांचा एक थांबा, म्हणजे साधारण ३ तास ५ मिनिटं. सकाळी साडेसहाला शहर ओलांडायचं तर पहाटे ३:२५ ला निघावं लागेल. साडेदहानंतर ओलांडायचं तर ७:२५ ला. यातला दुसरा पर्याय बहुतेक वेळा शहाणपणाचा. मध्यरात्र ते पहाटे सहा या काळात झोपेचा अंमल सर्वांत जास्त असतो, आणि अर्धवट झोपेवर वाचवलेला तास महागात पडतो.

‘सकाळी गर्दी आत जाणारी, संध्याकाळी बाहेर पडणारी’ हा हिशोब शहर आरपार ओलांडणाऱ्याच्या कामाचा नाही. निम्मं अंतर तो आत येतो आणि निम्मं बाहेर जातो, म्हणजे दोन्ही वेळा एक बाजू त्याच्या वाट्याला येतेच.

आता बायपास. शहरातून २० किलोमीटर आणि रिंगरोडने ५० असं गणित घ्या. रिंगरोडवर ८० ने साडेसदतीस मिनिटं लागतात. तेवढ्याच वेळात शहर पार करायला सरासरी ३२ चा वेग हवा. रात्री तो मिळतो, ५० ने २४ मिनिटांत मोकळे. ऐन गर्दीत वेग १५ वर आला, तर तेच २० किलोमीटर ८० मिनिटं खातात. आपल्या मार्गासाठी हा ३२ सारखा बरोबरीचा वेग एकदा काढून ठेवा. मग ‘३० किलोमीटर जास्त पडतात’ यावर गाडीत वाद होत नाही. डिझेल-पेट्रोलचा फरकही वाटतो तेवढा नसतो, कारण थांबत-सरकत जाताना ॲव्हरेज पार झोपतं.

रिंगरोडवर जायचं ठरलं की तिथे थांबा जोडा, नाहीतर ॲप वाटेत मत बदलून शहरात घुसवतं. पिन टाकताना नकाशा पूर्ण मोठा करा. ती आपल्या दिशेच्या लेनवर, जंक्शनपासून किलोमीटरभर पुढे हवी. पलीकडच्या लेनवर किंवा सर्व्हिस रोडवर पडली, तर ॲप यू-टर्न घ्यायला लावतं. पिन चुकवून पुढे गेलात तर ते मागेच बोलावत बसतं. तेव्हा तो थांबा सरळ काढून टाका. आणि निघण्याआधी मार्गाचे पर्याय तपासा. ‘टोल टाळा’ किंवा ‘हायवे टाळा’ कधीतरी चालू करून विसरलेलं असतं, आणि मग टोलचा रिंगरोड यादीत दिसतच नाही. इंधन वाचवणाऱ्या मार्गाला पसंती दिलेली असेल, तरी वेळात थोडाच फरक असताना ॲप शहरातला जवळचा रस्ता निवडू शकतं.

रंग फसवतात तेही ठरावीक ठिकाणी. ही माहिती मुख्यतः रस्त्यावरच्या फोनांच्या वेगावरून बनते. उड्डाणपूल आणि त्याखालचा रस्ता, हायवे आणि त्याला चिकटलेला सर्व्हिस रोड यांची जीपीएसमध्ये गल्लत होऊ शकते. सिग्नलवर खाली तुंबलेल्या गाड्यांमुळे वरचा मोकळा पूलही लाल दिसतो. ट्रकना दिवसा प्रवेशबंदी असलेल्या शहरांत बंदी उठायच्या सुमाराला नाक्यावर रांगा लागतात, म्हणून ‘रात्री मोकळंच असणार’ हे गृहीत धरू नका.

जेवण आणि इंधनाचा थांबा शहराच्या ३०-४० किलोमीटर आधी ठेवावा, पलीकडे नको. लवकर पोचलात तर लांबवा, उशीर झाला तर आटपा. वेळ जुळवायला एवढी एकच जागा हातात असते. तिथेच दोन्ही मार्ग पुन्हा ताडून पाहा, आणि फाट्याच्या १० किलोमीटर आधी शेजारी बसलेल्याने शेवटचं बघावं. त्यानंतर गल्लीबोळातून ४ मिनिटं वाचवणारा मार्ग आला तरी सोडून द्या. तोच मार्ग इतरांनाही सुचवलेला असू शकतो, आणि अरुंद रस्त्यावर समोरून एक टेम्पो आला की ती ४ मिनिटं तिथेच संपतात. १० मिनिटांपेक्षा कमी फायदा असेल तर वळायचं नाही, ही मर्यादा मला पुरेशी वाटते.

ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवावाच, पण तो फक्त रस्ता दाखवतो. ट्रॅफिक आणि पर्यायी मार्ग त्यात मिळत नाहीत. त्यामुळे फाट्याजवळ नेटवर्क जात असेल, तर तुलना शेवटच्या थांब्यावरच उरकून घ्या.