आरओसीई की ईव्हीए: विभागप्रमुखाचा बोनस कशावर बांधायचा?

आरओसीई म्हणजे गुंतलेल्या भांडवलावर किती टक्के नफा सुटला ते; ईव्हीए म्हणजे करोत्तर नफ्यातून त्या भांडवलाचा खर्च वजा करून उरलेली रक्कम. आरओसीई ताळेबंद आणि नफातोटा पत्रकावरून दहा मिनिटांत निघतो, बँकेला आणि संचालकांना समजावून सांगावा लागत नाही. लहानमोठ्या कंपन्या शेजारी ठेवून बघायच्या तर टक्केवारीच सोयीची. फक्त करपूर्व आरओसीई करोत्तर भांडवलखर्चाला (म्हणजे कर्जदार आणि भागधारक त्या भांडवलावर मागतात त्या परताव्याच्या दराला) लावू नका. २५.१७ टक्के कर वजा केला की करपूर्व १६ टक्क्यांचे जेमतेम १२ उरतात.

घोडं अडतं ते बोनसपाशी. १०० कोटी भांडवलावर करोत्तर २४ कोटी कमावणारा विभाग घ्या. त्याच्याकडे ४० कोटींच्या नव्या उत्पादन लाइनचा प्रस्ताव येतो, वर्षाला ६.४ कोटी सुटतील असा, म्हणजे १६ टक्के. भांडवलखर्च १२ टक्के. भागधारकाच्या दृष्टीने लाइन टाकायलाच हवी. पण ती टाकली की विभागाचा आरओसीई २४ वरून २१.७ वर येतो, आणि बोनस त्यावरच असेल तर विभागप्रमुख फाइल दाबून ठेवणार. त्याला दोष कसा द्यायचा? ईव्हीए मात्र १२ कोटींवरून १३.६ वर जातो. बाकी काही असो, एवढ्यासाठी माझं माप ईव्हीएकडे झुकतं. मुंबईच्या गोदरेज कन्झ्युमरने व्यवस्थापकांचं चल (कामगिरीनुसार बदलणारं) वेतन ईव्हीएशी जोडलं, ते उगीच नसावं.

ईव्हीएची डोकेदुखी म्हणजे भांडवलखर्चाच्या दरावरून होणारी हुज्जत. १४० कोटींवर एक टक्का म्हणजे १.४ कोटी, नव्या लाइनने ईव्हीएत घातलेली १.६ कोटींची भर बहुतेक त्यातच जाते. म्हणून दर पूर्णांकात ठरवून तीन वर्षं हलवू नये. हिशेबातल्या दुरुस्त्याही चार-पाचच ठेवाव्यात, नाहीतर प्लांटवर कोणालाच आकडा कळत नाही. अर्धवट बांधकामातली रक्कम उत्पादन सुरू होईपर्यंत भांडवलात धरू नये. भांडवल बारा महिन्यांच्या सरासरीने घ्यावं. ३१ मार्चचं घेतलं तर त्या दिवशी भांडवल कमी दिसावं म्हणून पुरवठादारांची बिलं एप्रिलपर्यंत लटकवली जातात.

जुन्या, घसारा होऊन संपलेल्या यंत्रांवर दोन्ही आकडे फुगतात. त्यावर उपाय म्हणून बोनस ईव्हीएच्या पातळीऐवजी वर्षागणिक वाढीवर द्यावा, आणि त्यातला तिसरा हिस्साच हातात देऊन बाकी पुढच्या वर्षांच्या खात्यात राखून ठेवावा, म्हणजे घसरण झाली तर तिथून वळती करता येते.