ईएसपी 32 बोर्ड: केळीच्या बागेत झालेलं वायरलेसचं प्रात्यक्षिक

भुसावळकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी तिसऱ्या वर्षाला वायरलेस नेटवर्क शिकवते. इतकी वर्षं प्रात्यक्षिक म्हणजे संगणकावरचं सिम्युलेशन आणि जर्नलमध्ये उतरवलेला आलेख. साठ पोरांचा आलेख एकसारखा, हे मला फार खुपायचं. यंदा ईएसपी 32 चे, म्हणजे वायफायची चिप बसवलेले आणि आपण प्रोग्राम करू शकतो असे छोटे, बारा बोर्ड घेतले, एक साधारण चारशे रुपयांना. पूर्ण सत्र वापरून हे लिहितेय.

वायफाय आणि ब्लूटूथ एकाच चिपवर, प्रोग्राम संगणकावरच्या आर्डुइनो या सॉफ्टवेअरमधून चढतो. पहिल्याच तासाला आजूबाजूची नेटवर्क शोधायला लावली. बहुतेक राउटर 6 नंबरच्या चॅनलवर गर्दी करून बसलेले दिसले. एकमेकांवर न चढणारे 1, 6 आणि 11 हेच चॅनल वाटून का वापरायचे, ते मग वेगळं सांगावं लागलं नाही.

खरी मजा यावल तालुक्यातल्या एका विद्यार्थ्याच्या बागेत आली. एक बोर्ड ॲक्सेस पॉइंट (राउटरसारखं वायफाय सोडणारा) करून बांबूला छातीच्या उंचीवर बांधला, दुसरा लॅपटॉपला जोडून हातात. आधी मोकळ्या बांधावर सिग्नलची ताकद मोजली: 10 मीटरवर उणे 58 डीबीएम, 20 मीटरवर उणे 64 (डीबीएम हे ताकदीचं माप, उण्यात जितका खाली तितका सिग्नल कमजोर). अंतर दुप्पट झालं की 6 डेसिबल घट, अगदी सूत्राप्रमाणे. मग केळीत शिरलो. तेच 20 मीटर, आकडा उणे 79! तिसाव्या मीटरला जोडणीच तुटली. अमळनेरचा एक जण म्हणाला, "मॅडम, हाई काय व्हयनं?" मी काही बोलायच्या आत बागवाल्या पोराने खोडावर नख रोवलं, पाणी टपकलं. केळीचं खोड आणि पान पाण्याने भरलेलं, आणि पाणी या वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी शोषून घेतं. हे मी फळ्यावर दहा वेळा लिहिलं असेल, पण त्या दिवशी ते पोचलं.

एक लक्षात ठेवा, आकडा स्थिर राहत नाही. हातात बोर्ड धरणारा नुसता पाठ करून वळला तरी फरक पडतो. म्हणून प्रत्येक जागी वीस वाचनं घेऊन सरासरी काढायला लावली. आता कुणाचाही आलेख दुसऱ्याशी जुळत नाही, आणि मला तेच हवं होतं.

त्रासही झाला. दुकानदाराने दिलेल्या केबलींपैकी पाच फक्त चार्जिंगच्या निघाल्या, बोर्ड संगणकाला दिसेचना. त्यात पहिल्या तासातला बराच वेळ गेला. वीज कमी पडली की रेडिओ सुरू होताना बोर्ड पुन्हा पुन्हा रिसेट होतो, त्यामुळे आखूड, चांगली केबल घ्या. पॉवर बँक तर बागेत आपोआप बंद पडायची, कारण बोर्ड फार कमी करंट ओढतो. त्याच बँकेला एक मोबाईल चार्जिंगला लावला, तेव्हा ती चालू राहिली.

5 गिगाहर्ट्झचं वायफाय यावर नाही, तेवढ्यासाठी वेगळा राउटर लागेल. बाकी घेणार असाल तर दोघांत एक बोर्ड तरी घ्या. आमच्याकडे पाच जणांत एक होता, आणि मागे उभ्या राहणाऱ्या मुलींच्या हातात तो फार उशिरा आला. पुढच्या सत्रासाठी आणखी अठरा मागवलेत.