‘वार खाली आहे’ : सोनोग्राफी पोटावरून की आतून?

अकराव्या ते चौदाव्या आठवड्यांतील सोनोग्राफीच्या अहवालात ‘वार (बाळाला पोसणारा अवयव, प्लॅसेंटा) खाली आहे’ असा शेरा आला, की आतून, म्हणजे योनिमार्गे, पुन्हा तपासून घ्यावे का, असा प्रश्न घरात सुरू होतो. रक्तस्राव नसेल, तर केवळ त्या शेऱ्यापोटी या टप्प्यावर घाई करू नये, असे माझे मत आहे. गर्भाशयाचा खालचा भाग तेव्हा पुरता घडलेलाच नसतो. पुढे तो ताणला जातो, तशी वारेची कड गर्भाशयाच्या तोंडापासून दूर जाते. अगदी विसाव्या आठवड्याच्या सुमारास वार खाली दिसलेल्या स्त्रियांपैकीही सुमारे ९० टक्के जणींची वार प्रसूतीपर्यंत वर गेलेली आढळते. अपवाद आधी सिझेरियन झालेल्या स्त्रीचा: गर्भ सिझेरियनच्या जुन्या व्रणात रुजला आहे का, हे तिच्या बाबतीत सुरुवातीलाच आतून पाहणे महत्त्वाचे ठरते.

खरी निवड १८ ते २२ आठवड्यांच्या तपासणीत करावी लागते. पोटावरून बाळाचे अवयव पाहतानाच वारही दिसते आणि ती स्पष्टपणे वर असेल, तर काम तिथेच संपते. मात्र मूत्राशय फार भरलेले असेल, तर गर्भाशयाच्या खालच्या भिंती दाबून एकमेकींना टेकतात आणि वर असलेली वारही तोंडावर आल्यासारखी भासते. मागच्या भिंतीवरची वार बाळाच्या डोक्याआड लपते. स्थूल स्त्रीमध्ये तर चित्रच धूसर येते.

आतून तपासताना मूत्राशय रिकामे ठेवतात आणि वारेची कड व तोंड यांतील अंतर मिलिमीटरमध्ये मोजता येते. ते २० मिलिमीटरपेक्षा कमी असेल, तर वार खाली आहे असे म्हणतात. कलर डॉप्लर (रक्तप्रवाह रंगांत दाखवणारी सोय) लावल्यास गर्भाशयाच्या तोंडावरून जाणाऱ्या, बाळाच्या रक्तवाहिन्याही दिसू शकतात. प्रोबमुळे (योनीत घालायच्या सोनोग्राफीच्या दांड्यामुळे) रक्तस्राव होईल ही भीती मोठी असली, तरी प्रोब तोंडाच्या दोन-तीन सेंटिमीटर अलीकडेच थांबतो, त्यामुळे अनुभवी हातांत ही पद्धत सुरक्षित मानली जाते. (वार खाली असताना धोका असतो तो बोटांनी तपासण्याचा.) संकोच वाटणे स्वाभाविक आहे, स्त्री परिचारिका सोबत असावी, असे सांगण्यास कचरू नये.

म्हणून पोटावरून कड स्पष्ट दिसली नाही किंवा ती तोंडाजवळ वाटली, तर मी आतून तपासण्याच्या बाजूने आहे. तरीही वार खालीच ठरली, तर पुढची तपासणी साधारण ३२व्या आठवड्यात करतात. आधीचे सिझेरियन असून वार पुढच्या भिंतीवर असेल, तर ती व्रणात घट्ट रुजलेली नाही ना, हे अनुभवी तज्ज्ञाकडून पाहून घ्यावे.