ढीग त्याच्या खळ्यात, हिस्सा मात्र माझा म्हणे

आधी आकडे सांगतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. एका कॉम्प्युटर गेमसाठी मी ३४ मिनिटांचं संगीत केलं. चौदा महिने त्यात गेले. हातात आले ६,१५० रुपये, तेही दोन हप्त्यांत. गेम चालला नाही असंही नाही. गेम चालला.

मी आर्वी तालुक्यातला. घरी साडेचार एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा आणि तिकडे तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज मोझरी, त्यामुळे आमच्या भागात खंजिरी घरातल्या भांड्यासारखी असते, कोणाकडे ना कोणाकडे निघतेच. मी पेटी भजनी मंडळात शिकलो. पुढे जुना लॅपटॉप घेतला आणि रीपर नावाच्या सॉफ्टवेअरवर थर चढवत बसायला लागलो. साठ दिवस ते फुकट वापरता येतं, नंतर लहान कलाकारासाठी साठ डॉलर. मी ते भरले. आमच्याकडे भरणारा बहुतेक मी एकटाच असेन, पण दुसऱ्याच्या मेहनतीचे पैसे द्यायचे असतात हे मला तेव्हाही कळत होतं. (पूर्ण कळत नव्हतं. त्यावर शेवटी येतो.)

२०२३ च्या जानेवारीत एका पोराचा मेसेज आला. मोठ्या शहरातला, मराठीच. मंडळातल्या खंजिरीचा मी टाकलेला व्हिडिओ त्यानं पाहिला होता. "भाऊ, असा साउंड कोणत्याच गेममध्ये नाही. आपण इंडी टीम आहोत, आत्ता बजेट नाही, पण प्रॉफिटमधले पंधरा टक्के तुझे. दहा मिनिटांचं म्युझिक पाहिजे." जंगलातून रात्री वाट काढायचा गेम होता. चित्रं खरंच सुंदर होती. मी दोन दिवस विचार केल्याचं नाटक केलं आणि हो म्हटलं.

खोटं बोलून गंडवलं असं म्हणावं तर त्यात एकही वाक्य सापडत नाही. पंधरा टक्के म्हणाला, पंधरा टक्केच दिले. कशाचे पंधरा टक्के, एवढं मी विचारलं नाही.

आमच्याकडे जमीन दोन तऱ्हांनी करायला देतात. ठोक्यानं दिली की वर्षाची रक्कम आधी ठरते, पीक येवो न येवो. बटईनं दिली की बी-खताचा खर्च ठरल्याप्रमाणे वाटून घ्यायचा आणि पिकाचा हिस्सा करायचा. बटईत कोणी फसत नाही असं नाही, पण तिथं एक गोष्ट असते: ढीग दोघांच्या डोळ्यासमोर असतो. मोजायला दोघं उभे असतात. गेममध्ये ज्याला रेव्हेन्यू शेअर म्हणतात ती बटईच आहे, फक्त ढीग गेमवाल्याच्या खळ्यात पडलेला असतो आणि खळ्याच्या दाराची किल्ली त्याच्याकडे. स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेम विकायच्या ऑनलाइन दुकानात, किती प्रती गेल्या, किती परत आल्या, किती पैसे जमा झाले, हे त्याच्या खात्यात दिसतं. माझ्या नाही. आता मला माहीत आहे की त्याच खात्यात तो मला नुसते हिशेब पाहायची परवानगी देऊ शकला असता. ते काम पाच मिनिटांचं आहे. मी मागितलीच नव्हती.

तर कामाला लागलो. त्या हंगामात सगळ्या गावानं कापूस घरात दाबून ठेवला होता. २०२२ मध्ये भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता, तो पुन्हा जाईल या आशेवर. गेला नाही. पण त्यामुळे मला स्टुडिओ मिळाला. कापसाच्या खोलीत तीन बाजूंनी आढ्यापर्यंत ढीग, मध्ये दोन माणसं बसतील एवढी जागा. आवाज भिंतीवर आपटून परत येतच नाही. शहरातले लोक यासाठी फोम लावतात. आमच्याकडे अंगाला खाज सुटते एवढाच फरक. मंडळातले खंजिरीवाले आबाजी, सत्तरी ओलांडलेले, चार रात्री तिथं येऊन बसले. बोटाचा ठेका, तळव्याचा ठेका, नुसत्या चकत्यांची झुळूक, सगळं वेगवेगळं घेतलं. मध्ये रातकिडे, कुत्री, आणि रात्री पंपाची लाइन आली की वावराकडे निघालेली माणसं. प्रत्येक ठेका सहा-सात वेळा घ्यावा लागला. आबाजी कुरकुरले नाहीत. चहा मागत राहिले.

गेमचं संगीत म्हणजे गाण्यासारखं एकदा वाजून संपणारं नसतं, हे बाहेरच्याला कळत नाही म्हणून लिहितो. खेळणारा एकाच जागी वीस मिनिटं अडकून राहू शकतो, म्हणून तुकडा शेवटाकडून सुरुवातीला असा जोडावा लागतो की सांधा ऐकू येऊ नये. शेवटच्या ठोक्याचा जो नाद रेंगाळतो तो कापून पुढच्या फेरीच्या सुरुवातीत मिसळायचा. शिवाय थर वेगळे द्यायचे: शांत चालताना नुसता सूर, कोणी मागे लागलं की त्यावर खंजिरी, अगदी जवळ आलं की ढोल. सगळे थर एकाच लयीत, एकाच लांबीचे, कारण कोणता कधी चढेल ते खेळणाऱ्यावर. एका मिनिटाला मला दोन दिवस लागत. आणि अठ्ठेचाळीस किलोहर्ट्झ, चोवीस बिटची, म्हणजे पूर्ण दर्जाची स्टिरिओ, एका मिनिटाची फाइल सतरा एमबीच्या आसपास जाते. ३४ मिनिटं गुणिले पाच-सहा थर करून बघा. ते चढवायला मी आर्वीत मित्राच्या दुकानात रात्री बसायचो.

हो, दहाची ३४ झाली. "भाऊ, बॉससाठी एक छोटासा." (बॉस म्हणजे गेममधला मोठा शत्रू.) "भाऊ, मेनूला काहीतरी." "भाऊ, नदीची लेव्हल वाढवली." दर मिनिटामागे ठरला असता तर त्यानं प्रत्येक वेळी खिसा चाचपला असता. फुकट होतं, म्हणून मागत गेला. मीही देत गेलो, कारण हिस्सा तर माझा आहेच ना.

मग ती सही. गेम निघायला दोन दिवस राहिले होते. मी बस स्टँडवर, गाडीची वाट बघत. व्हॉट्सॲपवर नऊ पानांची पीडीएफ आली, इंग्रजीतली. "भाऊ, लाँच अडकलंय, फॉर्मॅलिटी आहे, पटकन साइन कर." मोबाइलवर, बोटानं, गाडी येताना दिसत असताना मी सही केली. वर त्याला "ऑल द बेस्ट" पाठवलं.

त्या क्षणापर्यंत सगळी ताकद माझ्या हातात होती, हे मला नंतर कळलं. मी त्याचा नोकर नव्हतो, त्याच्याकडून एक रुपया घेतला नव्हता. रचना माझी होती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १९ आहे. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि देणाऱ्याच्या सहीनंच जातो. किती काळासाठी ते लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरतात, कोणत्या मुलखासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारत. म्हणजे कागद नसता तर मी बरा होतो. कागदात त्यानं सगळं भरून घेतलं होतं: कायमचे, जगभराचे, सगळ्या माध्यमांतले हक्क. पंधरा टक्के "विकास आणि प्रसिद्धीचा संपूर्ण खर्च वजा जाता उरणाऱ्या" रकमेचे. आणि साउंडट्रॅकची वेगळी विक्री या हिश्शात नाही. स्टीमवर २०२० पासून गेम न घेताही नुसता साउंडट्रॅक विकत घेता येतो, हे त्याला माहीत होतं.

पहिला हिशेब आला तेव्हा बाजारातली कट्टी, म्हणजे व्यापारी करतो ती कपात, आठवली. कापूस ओला आहे म्हणून कट्टी, कवडी, म्हणजे हलका माल, आहे म्हणून कट्टी. इथं प्रसिद्धी, चित्रकाराचे पैसे, नवीन कॉम्प्युटर, आणि "ऑफिस भाडं". हा आपल्या घरी, आपल्या खोलीत बसून गेम करत होता, व्हिडिओ कॉलवर मागे त्याच्या आईनं घातलेल्या घड्या दिसायच्या. उरलं त्याचे पंधरा टक्के ४,२०० रुपये. पुढच्या वेळी १,९५०. त्यानंतर काही नाही.

मी माझ्यापरीनं अंदाज काढला. खेळणाऱ्यांचे रिव्ह्यू सगळ्यांना दिसतात, आणि या धंद्यातले लोक ढोबळमानानं रिव्ह्यूंना तीसनं गुणतात. २१० रिव्ह्यू होते, म्हणजे सहा हजार तीनशेच्या आसपास प्रती. सवलती धरून प्रतीमागे सरासरी चार डॉलर धरले तर २५,२०० डॉलर. स्टीमचे तीस टक्के गेले, १७,६४० उरले. परत आलेल्या प्रती, कर वगैरे भरपूर सोडून १५,००० धरा. त्याचे पंधरा टक्के २,२५० डॉलर, तेव्हाच्या ८३ च्या भावानं १ लाख ८६ हजार रुपये. अंदाजच आहे. निम्मा चुकला म्हणा. तरी ६,१५० कुठे!

आईला हे समजावून सांगायला गेलो. तिनं सगळं ऐकलं, म्हणाली, "बटई म्हणतं ना तू, मंग ढीग कोणाच्या घरी होता?" त्याच्या, म्हटलं. "भाव ठरल्याबिगर आमी वावरात पाय नाई टाकत, अन् तू चवदा महिने राबला?" तिची वेचणी किलोला दहा रुपये, दिवसाला चाळीस किलो. माझे दिवस सत्तरच्या आसपास भरतात. तेवढे दिवस मी तिच्यासोबत कापूस वेचला असता तर अठ्ठावीस हजार आले असते. मला वेचता येत नाही ही गोष्ट वेगळी.

पैशापेक्षा जास्त लागलं ते पुढे. मी यूट्यूबवर माझाच एक तुकडा टाकला, कापसाच्या खोलीचा फोटो लावून. काही तासांत दावा आला, की हे संगीत दुसऱ्या कोणाच्या मालकीचं आहे, जाहिरातीचे पैसे त्यांना जातील. त्यानं सगळा साउंडट्रॅक वितरकामार्फत कंटेंट आयडीत, म्हणजे यूट्यूबच्या संगीत ओळखून दावा लावणाऱ्या यंत्रणेत, नोंदवला होता. कागदात तीही ओळ होती. मग गेमची श्रेयनामावली उघडली. संगीत म्हणून त्याचं नाव. माझं खाली, "अतिरिक्त ध्वनी". आबाजींचं नाहीच.

तालुक्याच्या कोर्टात एका वकीलसाहेबांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "हे पब्जीसारखं असते का?" पण माणूस हुशार. कागद दोनदा वाचून म्हणाले, पैशाचं तुम्ही स्वतः लिहून दिलं, आता त्यावर भांडायला तुमच्या गेमच्या कमाईपेक्षा जास्त लागेल. पण कलम ५७ आहे. हक्क विकले तरी रचना कोणाची, हे सांगायचा हक्क रचनाकाराकडेच राहतो. पंधराशे रुपये घेऊन नोटीस काढली. तीन आठवड्यांनी गेमच्या पुढच्या अपडेटमध्ये नाव दुरुस्त झालं: संगीत माझं, खंजिरी आबाजींची. नोटीसला उत्तर मात्र आलं नाही, आणि मला त्यानं सगळीकडून ब्लॉक केलं.

वकीलसाहेबांनी आणखी एक सांगितलं. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, आधीपासून असती आणि मी ठोक रकमेचं बिल दिलं असतं, तर २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्यानं जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत पैसे देणं त्याला बंधनकारक होतं, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज. नोंदणी काम झाल्यावर करून मागच्या बिलाला फायदा मिळेलच असं नाही. मी आता केली. सरकारी पोर्टलवर ती फुकट होते. सर्च केलं की वर जे दीड-दोन हजार मागणारे दिसतात त्यांच्याकडे जाऊ नका. एका लेखात दोनदा फसायची गरज नाही.

हिस्सा घेऊच नका असं मी म्हणत नाही. जीव लावून केलेला एखादा गेम खरंच उडतो. पण आधी ठोका, मग बटई. मिनिटामागे दर, निम्मे पैसे काम सुरू व्हायच्या आधी, ठरल्यापेक्षा जास्त मिनिटं झाली तर त्यांचेही त्याच दरानं. वर हिस्सा देत असेल तर तो स्टीमनं आपला वाटा कापून जे पाठवलं त्याचा, "खर्च वजा जाता" हे शब्द दिसले की थांबायचं. साउंडट्रॅकचं वेगळं लिहून घ्यायचं. कागद काम सुरू व्हायच्या आधी यायला पाहिजे, आणि तो बस स्टँडवर वाचायचा नाही. बाहेरच्या देशात नवखे लोकही मिनिटाला शे-दोनशे डॉलर मागतात, नावाजलेले हजाराच्या वर. मी तेवढं मागत नाही. मागायची हिंमत नाही म्हणा.

आता आबाजींचं. पहिले ४,२०० आले तेव्हा त्यांनी पारावर विचारलं होतं, "आले का रे बाबू पैसे?" मी म्हटलं, आले थोडे, तुमचं पुढच्या वेळी बघतो. त्या पैशातून मी मायक्रोफोनची वायर आणि नेटचं रिचार्ज भरलं. पुढच्या वेळी १,९५० आले, तेव्हा मी पाराकडून जाणंच टाळलं. चार रात्री, भाव न ठरवता, नंतर देतो म्हणून. शहरातल्या पोरानं माझ्याशी जे केलं त्यासाठी त्याला नऊ पानं लागली, मला एकही लागलं नाही. नोटीस निघाल्यानंतर दोन हजार घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या. "हे कोणत्या हिशेबानं?" मला सांगता येईना. मग कॅलेंडरच्या मागच्या बाजूला आम्ही दोघांनी बसून लिहिलं, रात्रीचे पाचशे.

या महिन्यात एक नवीन काम आलंय. चार मिनिटं, मिनिटाला २,५००, आबाजींच्या दोन रात्री वेगळ्या. दर सांगितला तेव्हा समोरचा तीन दिवस बोललाच नाही, आणि त्या तीन दिवसांत मी दोनदा फोन उचलून दर खाली आणणार होतो. चौथ्या दिवशी पाच हजार जमा झाले. आबाजी तयार आहेत. कापूसही अजून घरातच आहे, पण आई म्हणते भाव जरा चढला की त्याच दिवशी गाडी भरायची. गावात सध्या मी एकटाच असा आहे, ज्याला वाटतं की कापसाचा भाव अजून पंधरा दिवस पडलेलाच राहावा.